डॉ. दत्ता सामंत : संपातून संसदेत

डॉ. दत्ता सामंत यांचे नाव निघाले की चर्चा होते ती गिरणी संपाच्या अपयशाची. तो संप सुरू झाल्यानंतर तीन वर्षांच्या आत गिरणगावाने त्यांना लोकसभेवर का पाठविले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१९३२ साली कोकणात जन्मलेल्या सामंतांनी घाटकोपर येथे दवाखाना थाटला. दगडखाणींतील मजूर हे त्यांचे रुग्ण. त्यांची दैना पाहून ते युनियनच्या कार्याकडे वळले. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले. आणीबाणीत त्याच पक्षाच्या राजवटीने त्यांना तुरुंगात धाडले. पुढे अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीची वार्ता गिरण्यांपर्यंत पोहोचली.

गिरणी कामगारांचे दुखणे केवळ पगाराचे नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेकडे होता. कामगारांचा विश्वास कोणावर आहे, हे गुप्त मतदानाने ठरविण्याची सोय त्यात नव्हती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला, तेव्हा कामगार आपण होऊन सामंतांच्या दारी गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांनी काम बंद केले. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूंना मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या. पुष्कळ जण गावी परतून शेतात राबू लागले. संप एवढा लांबला तो गावाकडच्या भाकरीवर.

मालकांना मात्र घाई नव्हती. गिरण्या जुनाट झाल्या होत्या आणि बाजारात यंत्रमागाचे कापड येतच होते. मान्यताप्राप्त संघटनेस डावलून बोलणी करण्यास सरकारही राजी नव्हते. सामंतांनी हे ओळखावयास हवे होते. माघारीची वाट त्यांनी राखून ठेवली नाही, हा त्यांचा मोठाच दोष होय. त्याची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली.

कायद्याने नाकारलेले गुप्त मतदान कामगारांना अखेर डिसेंबर १९८४ मध्ये लाभले, ते लोकसभेच्या मतपेटीत. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून सामंत निवडून आले. परंतु चारशेहून अधिक सदस्यांच्या सत्ताधारी पक्षापुढे त्यांचे बळ ते किती! ज्या कायद्याविरुद्ध संप झाला, तो तसाच राहिला. १९८९ मध्ये ती जागा शिवसेनेने जिंकली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा झाला. १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे गोळ्या झाडून सामंतांची हत्या करण्यात आली. संप अधिकृतपणे कधीच मागे घेण्यात आला नव्हता.