केंद्रकाला नाव देणारे रॉबर्ट ब्राऊन

कांद्याचा पातळ पापुद्रा तुम्ही सूक्ष्मदर्शकातून पाहिला असेल. विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि प्रत्येक पेशीत एक गोल ठिपका! उर्दूत तुम्ही पेशीला 'खलिया' म्हणता आणि त्या ठिपक्याला 'मरकझा'. मराठीत त्याला केंद्रक म्हणतात. गंमत अशी, की दोन्ही नावे मध्याची असली तरी कांद्याच्या पेशीत केंद्रक बहुधा कडेला सरकलेले असते.

हे केंद्रक जगापुढे आणणारे रॉबर्ट ब्राऊन यांचा जन्म २१ डिसेंबर १७७३ रोजी स्कॉटलंडमधील माँट्रोझ या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. रॉबर्ट एडिंबरोला वैद्यकशास्त्र शिकू लागले, पण मन रमले झाडापानांत. शिक्षण अर्धवट राहिले. पुढे लष्करात सर्जनचे मदतनीस म्हणून ते आयर्लंडला गेले. तेथेही फावल्या वेळात वनस्पती गोळा करणे चालूच होते.

१८०१ साली त्यांचे नशीब उघडले. कॅप्टन फ्लिंडर्स यांच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ते ऑस्ट्रेलियाला निघाले. तेथे त्यांनी हजारो वनस्पती जमवल्या. त्यांतील कितीतरी शास्त्रज्ञांना अगदी नव्या होत्या. त्यांतला काही चांगला संग्रह दुसऱ्या जहाजाने मायदेशी पाठवला, तर १८०३ मध्ये ते जहाजच खडकावर फुटले! केवढी मेहनत पाण्यात गेली! तरीही ब्राऊन कामाला लागले आणि १८०५ मध्ये मोठा संग्रह घेऊन परतले. पुढे ते लंडनमध्ये जोसेफ बँक्स यांचे ग्रंथपाल झाले.

१८२७ मध्ये परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात थरथरताना त्यांना दिसले. ते कण सजीव असतील काय? ब्राऊन यांनी घाईने तसे जाहीर केले नाही. त्यांनी काचेची, दगडाची पूड पाण्यात टाकून पाहिली. तीही तशीच हलत होती! म्हणजे हे जीवनाचे लक्षण नव्हते. या हालचालीला आज 'ब्राऊनीय गती' म्हणतात.

आता केंद्रकाकडे येऊ. ब्राऊन आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुलांचा अभ्यास करत होते. त्यांचा सूक्ष्मदर्शक अगदी साधा, एका भिंगाचा होता. आमरीच्या पानाच्या सालीत प्रत्येक पेशीत त्यांना एक गोलसर, थोडा अपारदर्शक भाग दिसला. तो आधी कोणी पाहिलाच नव्हता, असे मात्र नाही. चित्रकार फ्रान्झ बाउअर यांनी तो चित्रात काढलाही होता, आणि ब्राऊन यांनी तसे मोकळेपणाने सांगितले. मग ब्राऊन यांनी वेगळे काय केले? एका झाडावर न थांबता त्यांनी इतर अनेक वनस्पती तपासल्या. तेथेही तो होता! नोव्हेंबर १८३१ मध्ये त्यांनी लंडनच्या लिनीअन सोसायटीत हे निरीक्षण मांडले आणि त्या भागाला 'न्यूक्लिअस' म्हटले. या लॅटिन शब्दाचा अर्थ फळाच्या कवचातला गर.

हा गर काय काम करतो, हे ब्राऊन यांना ठाऊक नव्हते. ते पुढच्या पिढ्यांनी शोधले. अमीबाचे दोन तुकडे केले, तर केंद्रक असलेला तुकडा वाढतो आणि त्याचे विभाजन होते. केंद्रक नसलेला तुकडा काही काळ जगतो आणि मरतो. आपल्या तांबड्या रक्तपेशी तयार होताना केंद्रक गमावतात, म्हणून त्यांना स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. त्या सुमारे १२० दिवसच टिकतात. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. आईवडिलांकडून आलेले गुण त्यांतच साठवलेले असतात. जीवाणूंच्या पेशीत मात्र असे वेगळे केंद्रक नसते.

ब्राऊन फार सावध गृहस्थ. चूक होईल या भीतीने ते पुष्कळ गोष्टी मनातच ठेवत. त्यांच्याकडे जाणारे-येणारे चार्ल्स डार्विन यांना वाटे, की या भीतीपायी ब्राऊन यांचे बरेचसे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले. मला दोन्ही बाजू पटतात. ही सावधगिरी नसती, तर काचेची पूड पाण्यात कोणी टाकली असती?

१० जून १८५८ रोजी ब्राऊन लंडनमध्ये वारले. त्यामुळे लिनीअन सोसायटीची ठरलेली सभा रद्द झाली आणि ती १ जुलैला घेण्यात आली. त्याच सभेत डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीविषयीचे लेख प्रथम वाचले गेले.