हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (२२ मे १८३१, हल, इंग्लंड – ४ मे १८९७, स्कारबरो, इंग्लंड) हे इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ, चित्रकार व वैद्यक संशोधक होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील मूळ चित्रे त्यांनी काढली. त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे मात्र भारतीय वैद्यकीय सेवेत, मुख्यतः मुंबई व सातारा येथे गेली. कुष्ठरोगात शरीरातील चेतांची हानी कशी होते याचा भारतात शवविच्छेदन व सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

कार्टर यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगांत निसर्गचित्रे काढणारे चित्रकार होते. मुलाच्या नावातील ‘व्हॅन्डाइक’ हे फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक यांच्यावरून आले. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये रिचर्ड ओवेन व जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली तौलनिक शरीररचनेचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शक हाताळण्याचे कौशल्य त्यांना येथे लाभले आणि ते पुढे मुंबईत फार उपयोगी पडले.

सेंट जॉर्जेसमधील सहकारी हेन्री ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे पुस्तक लिहावयास घेतले, तेव्हा चित्रांचे काम कार्टर यांच्याकडे आले. त्यांनी ३६३ आकृत्या काढल्या. स्नायू, रक्तवाहिन्या व चेता यांची नावे बाजूला टिपांमध्ये न देता त्या त्या अवयवावरच लिहिण्याची पद्धत या पुस्तकाच्या यशाचे एक मोठे कारण ठरली. मोबदला म्हणून त्यांना एकदाच १५० पौंड मिळाले. विक्रीवरील मानधन ग्रे यांना मिळत राहिले. मुखपृष्ठाच्या कच्च्या प्रतीत कार्टर यांचे नाव आपल्या नावाच्या तोलाचे छापलेले पाहून ग्रे यांनी ते लहान टाइपात घेण्यास सांगितले. १८५८ च्या उत्तरार्धात पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्रकार मुंबईत होता. तीन वर्षांनी ग्रे देवीच्या आजाराने वारले, पण पुस्तक त्यांच्याच नावाने चालू राहिले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्पिढ्या ज्या रेषांवरून चेतांचे मार्ग शिकल्या, त्या रेषा कोणाच्या, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

मुंबईतील संशोधन

१८५८ साली कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. लगतच्या जमशेटजी जीजीभाय रुग्णालयात त्यांना कुष्ठरोगाचे अनेक रुग्ण पाहावयास मिळाले. महारोग, रक्तपिती या नावांनी ओळखला जाणारा हा रोग लोकांच्या लेखी पूर्वजन्मीच्या पापाचे फळ अथवा रक्तातील दोष होता, आणि रोग्याची बोटे सडून गळतात असा समज होता. नॉर्वेत डॅनिएलसेन व बोएक यांनी १८४७ च्या आपल्या ग्रंथात चेतांमधील बदलांची नोंद केली होती. भारतीय रुग्णांच्या बाबतीत असे काम व्हावयाचे होते.

कार्टर यांनी मृत रुग्णांच्या हातापायांतील चेता त्वचेपासून वरपर्यंत उलगडून पाहिल्या. ज्या भागात बधिरता होती, तेथे जाणाऱ्या चेता जागोजागी सुजून जाड झालेल्या आढळल्या. कोपराच्या मागील बाजूने करंगळीकडे जाणाऱ्या अलनार चेतेत हा फुगवटा विशेष ठळक असे. सूक्ष्मदर्शकाखाली चेतेच्या आवरणात नवीन द्रव्य साचलेले व त्याच्या दाबाखाली मूळ तंतू क्षीण झालेले दिसले. १८६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या निरीक्षणाचे मोल आजच्या माहितीच्या आधारे अधिक स्पष्ट होते. चेतापेशीपासून निघणारा अक्षतंतू पायाच्या बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत सुमारे एक मीटर लांब असू शकतो. त्याच्याभोवती श्वान पेशींची साखळी असते. त्यांतील अनेक पेशी तंतूवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन चढवतात आणि त्यामुळे विद्युत् संदेश वेगाने धावतो. कुष्ठरोगाचे जिवाणू नेमके या श्वान पेशींत शिरतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चालून आली की चेतेला सूज येते. बाहेरचे आवरण फारसे ताणले जात नसल्याने आतील तंतू चेपले जातात. जिवाणूंना शरीराचे तुलनेने थंड भाग मानवतात, म्हणून कोपर, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा व चेहरा येथील कातडीलगतच्या चेता प्रथम बळी पडतात. मेंदू व मज्जारज्जू मात्र शाबूत राहतात.

मग रोग्याला गरम-गार कळेनासे होते. पुढे स्पर्श व वेदनाही जातात. चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवले तरी चटका जाणवत नाही, अनवाणी पायात काटा मोडला तरी ठणकत नाही. करंगळी व अनामिका आत वळतात, पाऊल लोंबते, पापणी मिटत नाही. जखम चिघळत जाऊन हाड झिजते आणि बोट आखूड होते. बोटे आपोआप गळून पडत नाहीत. वेदनेचा पहारा उठल्यामुळे ती रोजच्या कामातच जखमी होत जातात. रोगाचे मूळ चेतेत आहे हे कार्टर यांनी दाखवले, पण त्याचे कारण काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी अद्याप नव्हते. त्या काळात ते कुष्ठरोग आनुवंशिक असल्याच्या मताकडे झुकलेले होते.

याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करीत होते. एकाच शहरात एक जण रोगाचे स्थान शोधत होता व दुसरा औषध, ही त्या काळच्या मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

सातारा, नॉर्वे व विलगीकरणाचा प्रश्न

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. त्यानंतर मिळालेली दीर्घ रजा त्यांनी कुष्ठरोगाच्या अभ्यासातच घालवली. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे त्यांची आरमाउर हान्सेन यांच्याशी भेट झाली. हान्सेन यांना त्याच वर्षी रोग्यांच्या गाठींत दंडाकृती जिवाणू दिसले होते. या भेटीनंतर कार्टर यांनी आनुवंशिकतेचे मत सोडून रोग संसर्गजन्य असल्याचे स्वीकारले. नॉर्वेतील कुष्ठालयांवरील त्यांचा अहवाल १८७४ साली प्रसिद्ध झाला. पुढे काठियावाडातील रोगाचीही त्यांनी पाहणी केली.

संसर्गाचा सिद्धान्त मान्य केल्यावर रोग्यांना वेगळे ठेवावे, अशी शिफारस त्यांनी सरकारकडे वारंवार केली. सरकारने खर्चाच्या व लोकक्षोभाच्या भीतीने ती फारशी मनावर घेतली नाही. १८९०-९१ च्या कुष्ठरोग आयोगानेही सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाही असे मत दिले. तथापि १८९८ चा कायदा झाला आणि निर्धन रोग्यांना कुष्ठालयांत डांबण्याची वाट मोकळी झाली. आज पाहता हा रोग सहजासहजी पसरत नाही व बहुसंख्य माणसांत त्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. चेतांच्या बाबतीत कार्टर यांची नजर अचूक होती. उपायाच्या बाबतीत त्यांचा सल्ला रोग्यांना जड गेला असता, हे नमूद करणे आवश्यक आहे. औषध हाती नसलेल्या काळातील तो सल्ला होता, हेही तितकेच खरे. जिवाणूंवर खात्रीने चालणारी बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी सुचवली. तिने रोग बरा होतो, मात्र मृत झालेली चेता बहुधा परत येत नाही. म्हणून बधिर चट्टा दिसताच तपासणी करून घेण्यावर आजही भर दिला जातो.

अन्य कार्य व अखेर

‘मदुरा पाय’ या विकाराचे कारण बुरशी असल्याचे त्यांनी मांडले व त्यावर १८७४ साली ग्रंथ लिहिला. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधून मुंबईत आलेल्या लोकांत ताप पसरला, तेव्हा रुग्णांच्या रक्तात त्यांना सर्पिल जिवाणू आढळले. १८८७ मध्ये हिवतापाचे परजीवीही त्यांनी भारतात पाहिले. दरम्यान ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही त्यांनी भूषवले.

मुंबईत १८५९ मध्ये झालेला त्यांचा पहिला विवाह सुखाचा ठरला नाही. १८८८ साली निवृत्त होऊन ते स्कारबरोस परतले व १८९० मध्ये त्यांनी पुन्हा विवाह केला. त्याच वर्षी त्यांना राणीचे मानद शल्यविशारद नेमण्यात आले. क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तरुण वयापासून लिहिलेल्या त्यांच्या रोजनिश्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.