कापरेकर सर आणि अंकांची स्ट्रिंग

पायथनमध्ये '२०' आणि '२५' या दोन स्ट्रिंग प्लसने जोडल्या तर '२०२५' मिळते. तेच इंटीजर असतील तर ४५. आता गंमत बघा, ४५ चा वर्ग बरोब्बर २०२५! इंटीजरसारख्या वागणाऱ्या स्ट्रिंगची एक छोटी लायब्ररी मी सध्या अपडेट करतोय, आणि त्या कामात पदोपदी आठवतात ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मी नामपूरचा, ते देवळालीचे, म्हणजे आमच्याच नाशिक जिल्ह्यातले. पण कॉन्व्हेंटच्या पुस्तकात त्यांचं नाव कधी भेटलं नाही.

जन्म डहाणूला, १७ जानेवारी १९०५. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. आकड्यांची गोडी तिथूनच लागली. ठाण्यात शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये बी.एस्सी. पुढची डिग्री नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर.

बाकीचे गणिती संख्येची किंमत बघायचे, हे तिचे अंक बघायचे. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक विद्वानांना त्यांचं काम पोरखेळ वाटलं. पण १९४६ मध्ये त्यांना सापडलेलं ६१७४ बघा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. १००० घेतले तर १००० वजा ०००१ म्हणजे ०९९९. घोळ इथेच होतो! इंटीजर पुढचं शून्य गिळतो, मग ९९९ वजा ९९९, खेळ खल्लास. शून्य जपलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या. म्हणून नव्या व्हर्जनमध्ये मी वजाबाकी इंटीजरची ठेवलीय, पण उत्तर परत स्ट्रिंग, लांबी तेवढीच. सरांनी हे सगळं कागदावर केलं होतं, बरं का.

१९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. तेव्हा सर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच गेले.

गावाचं नाव मात्र त्यांनी गणितात ठेवलं. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या येते, उदा. १५ अधिक १ अधिक ५ बरोबर २१. ज्या संख्या अशा कशातूनच येत नाहीत, त्या देवळाली संख्या. २० त्यातलीच. लूप लावून बघा.