अवधची राजमाता बेगम हजरत महल

फेब्रुवारी 1856 च्या पहिल्या आठवड्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट जनरल औट्रम एक तहनामा घेऊन लखनौच्या दरबारात आला. अवधचे राज्य कंपनीच्या स्वाधीन करावे आणि नवाब वाजिद अली शाह यांनी तनखा घेऊन स्वस्थ बसावे, एवढाच त्याचा मतलब होता. नवाब लढले नाहीत. त्यांनी तोफा उतरवून ठेवण्याचा हुकूम दिला, डोक्यावरची पगडी काढून औट्रमच्या हाती ठेवली. पण सही काही केली नाही. 7 फेब्रुवारीस सहीवाचूनच अवध खालसा झाले. मार्चमध्ये नवाब कलकत्त्याकडे निघाले. त्यांची वृद्ध आई थेट इंग्लंडच्या राणीकडे दाद मागण्यास विलायतेस गेली, आणि निराश होऊन परतताना जानेवारी 1858 मध्ये पॅरिस येथे वारली.

नवाबांनी ज्यांना सोबत नेले नाही त्यांत बेगम हजरत महल होत्या. त्यांचे माहेरचे नाव मुहम्मदी खानम, जन्म फैजाबादचा, घर गरिबीचे. राजवाड्यात त्या आल्या त्या दासी म्हणून. तेथे नृत्यगायनाचे शिक्षण मिळाले, पुढे त्या नवाबाच्या बेगमांत गणल्या गेल्या, आणि 1845 साली मुलगा बिरजिस कद्र झाल्यावर त्यांना हजरत महल हा किताब मिळाला. नंतर नवाबाची मर्जी फिरली व त्यांना दूर केले गेले. लखनौचा हजरतगंज हा भाग त्यांच्याच नावाचा, असे पुष्कळजण समजतात. ते खरे नाही. ते नाव त्यांचे सासरे अमजद अली शाह यांच्यावरून पडले आहे.

30 मे 1857 रोजी लखनौच्या शिपायांनी बंड पुकारले. 30 जूनला चिनहट येथे सर हेन्री लॉरेन्सचा पराभव झाला व इंग्रज रेसिडेन्सीच्या आवारात कोंडले गेले. आता गादीवर कोणास बसवायचे? शिपायांचे पुढारी राजवाड्यात गेले, पण इंग्रज परत आले तर काय होईल, या भयाने इतर बेगमांनी आपले मुलगे देण्यास नकार दिला. हजरत महल यांनी आपला अकरा वर्षांचा बिरजिस पुढे केला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मस्तकी मुकुट चढला. दिल्लीच्या बादशहाचा हुकूम मानावा आणि दिवाण फौजेच्या संमतीने नेमावा, या अटी त्यांनी मान्य केल्या. कारभार अर्थातच आईच्या हाती आला. शरफुद्दौला दिवाण झाले, राजा बालकृष्ण खजिना पाहू लागले आणि फौज व दरबार यांच्यामधला दुवा राजा जयलाल सिंग होते.

पुढचे आठ महिने त्यांनी लखनौ राखले. सप्टेंबरमध्ये हॅवलॉक व औट्रम रेसिडेन्सीत शिरले खरे, पण तेही आतच अडकले. नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेलने सर्वांना बाहेर काढले आणि शहर तसेच सोडून तो कानपूरकडे परतला. दिल्ली पडल्यावरही अवधचे निशाण उभे होते. औट्रम शहराबाहेर आलमबागेत तळ देऊन होता. त्या तळावर हिवाळाभर हल्ले झाले, आणि फेब्रुवारी 1858 मध्ये बेगम स्वतः हत्तीवरून रणात आल्या. यश आले नाही. मौलवी अहमदुल्ला शाह हे मोठे शूर सेनानी. पण त्यांचे व दरबाराचे पटत नव्हते. एकाने आगेकूच करावी आणि दुसऱ्याने मागे राहावे, असे अनेकदा घडले. हे आपण लपवू नये. मार्चमध्ये कॅम्पबेलची फौज व नेपाळच्या जंगबहादुरांचे गुरखे यांनी लखनौ जिंकले. बेगम मुलासह निसटल्या आणि बहराइच भागातील बौंडीच्या किल्ल्यात गेल्या.

तेथे त्यांनी जे केले ते मला लढाईपेक्षा मोठे वाटते. 1 नोव्हेंबर 1858 रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. शाळेत आपण त्याची कलमे पाठ करून घेतो, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. परंतु त्या जाहीरनाम्याला उत्तर दिले गेले होते, हे मला स्वतःला बी. ए. होईपर्यंत ठाऊक नव्हते. हे उत्तर बेगमसाहेबांनी बिरजिस कद्रच्या नावाने दिले. राणीचा एकेक शब्द त्यांनी तपासला. राज्य कंपनीचे नसून राणीचे झाले म्हणता, तर कायदे तेच, नोकर तेच, गव्हर्नर जनरलही तोच. मग बदलले काय, असे त्यांनी विचारले. पूर्वीचे करार पाळू या आश्वासनावर त्यांनी मोडलेल्या करारांची यादीच पुढे केली. तीत टिपू सुलतान आहे, भरतपूर आहे, आणि आपल्या पुण्या-साताऱ्याचीही आठवण आहे. धर्मात ढवळाढवळ करणार नाही या वचनाचा समाचार घेताना त्या हिंदू व मुसलमान दोघांच्या वतीने बोलल्या. हिंदी लोकांना रस्ते बांधणे व कालवे खणणे यापलीकडे काय काम देऊ केले आहे, हे लोकांनी नीट पाहावे असे त्यांनी बजावले. क्षमेच्या कलमातील पळवाटा दाखवून कोणी फसू नये, असा इशारा दिला. एका गरीब घरच्या मुलीने, जी दासी म्हणून महालात आली होती, तिच्या दरबारातून हे निघाले!

वर्ष संपता संपता इंग्रज फौजेने त्यांना नेपाळच्या तराईत रेटले. त्या बिकट रानात तापाने आणि उपासमारीने सोबतची माणसे गळू लागली. परत येऊन शरण गेल्यास तनखा देण्याची इंग्रजांची तयारी होती. म्हणजे नवाबापुढे ठेवला होता तसाच व्यवहार पुन्हा पुढे आला. बेगमसाहेबांनी तो घेतला नाही. ज्यांच्या गुरख्यांनी लखनौ लुटण्यास हात लावला, त्याच जंगबहादुरांनी अखेर त्यांना काठमांडूत आसरा दिला. तेथे वीस वर्षे काढून 7 एप्रिल 1879 रोजी त्यांचे निधन झाले.

15 ऑगस्ट 1962 रोजी लखनौच्या व्हिक्टोरिया पार्कला बेगम हजरत महल यांचे नाव देण्यात आले. 10 मे 1984 रोजी भारतीय डाक खात्याने त्यांचे तिकीट काढले. कबर मात्र काठमांडूलाच आहे, तेथील जामा मशिदीजवळ.