तंजावरचा राजा, त्याचा बँड आणि बोनापार्टचा मनोरा

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीवरून पूर्वेकडे जाणारा रस्ता जालन्याला पोहोचतो. त्याच जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनानीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वेलिंग्टन या नावाने तो नेपोलियनचा प्रतिस्पर्धी म्हणून जगाला ठाऊक झाला. स्पेनमधील त्याच्या १८१३च्या विजयावर बीथोव्हेनने एक रचना केली. ती मुळात लष्करी बँडच्या वाद्यांचे ध्वनी काढणाऱ्या एका यंत्रासाठी योजलेली होती. या साऱ्या घडामोडींचे पडसाद दक्षिणेतील एका मराठी राजाच्या चरित्रातही उमटलेले दिसतात. तो राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले आणि कावेरीकाठी मराठी राज्य उभे राहिले. याच भोसले कुळातील एका शाखेत २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. मात्र गादीवर बसले ते तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह. बाल सरफोजींच्या शिक्षणाची आबाळ होऊ लागली. तेव्हा श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा कैवार घेतला. १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे इंग्रजीबरोबरच पाश्चात्त्य विद्यांची गोडी त्यांना लागली.

१७९८ मध्ये कंपनीने दत्तकविधान ग्राह्य मानून सरफोजींना गादी दिली. पण तिची किंमत लगेच वसूल झाली. आर्थरचे थोरले बंधू लॉर्ड वेलस्ली त्या वेळी गव्हर्नर जनरल होते. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरले ते तंजावरचा किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. विशीतल्या या राजाला ना फौज उरली, ना मुलूख.

अशा स्थितीत अनेक संस्थानिक ऐषारामात बुडाले. सरफोजींनी दुसरी वाट धरली. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशीच्या ग्रंथांची आणि हस्तलिखितांची भर घातली. १८०५च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला. इसापच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये तेथेच छापला गेला. महाराष्ट्रात मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा मेळ घातला गेला. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथे ठेवल्या जात. भूगोल शिकविण्यासाठी राजांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाट्य रचले.

संगीतात तर त्यांनी दोन जगे एकत्र आणली. दरबारात कर्नाटक संगीताचे दिग्गज होतेच. त्यांच्या जोडीला सरफोजींनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. युरोपातील स्वरलिपीची पुस्तके मागविली. देशी धून त्या लिपीत उतरविण्याचे प्रयोग झाले. क्लॅरिनेटसारखे विलायती फुंकवाद्य दक्षिणेच्या नृत्यसंगीतात शिरले, त्याचे श्रेय परंपरा तंजावरलाच देते. फौज गेली होती, पण फौजेचे वाद्य राजांनी कलेच्या दालनात आणून ठेवले.

नेपोलियनच्या पाडावाची वार्ता १८१४ मध्ये आली, तेव्हा सरफोजींनी मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकिनारी आठ मजली षट्कोनी मनोरा उभारला. ब्रिटिशांचा विजय आणि बोनापार्टचे पतन यांचे ते स्मारक. त्यावरील लेखांत मराठीही आहे. ज्या कंपनीने राज्य हिरावले, तिच्याच विजयाचे हे स्मारक आजच्या वाचकाला खुपेल आणि ते स्वाभाविकही आहे. तनख्यावर जगणाऱ्या राजापुढे निष्ठा दाखविण्यावाचून पर्याय फार थोडे होते.

परंतु याच राजांचा दुसरा लेखही वाचला पाहिजे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये, म्हणजे असईच्या लढाईच्याच वर्षी, त्यांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. जगातील प्रदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. चोळ सम्राट राजराजाने उभारलेल्या मंदिरात वेरूळच्या भोसल्यांची कथा दगडात अक्षर झाली. मनोरा विजेत्यांना दाखविण्यासाठी होता, तर हा शिलालेख आपल्या कुळाला आठवण राहावी म्हणून होता. दोन्हींची जबाबदारी सरफोजींचीच आहे.

७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र शिवाजी यांच्यामागे पुरुष वारस न राहिल्याने १८५५ मध्ये कंपनीने संस्थानच खालसा केले. २००४च्या त्सुनामीत मनोऱ्याची हानी झाली, पुढे त्याची डागडुजी करण्यात आली. सरस्वती महालातील ग्रंथ मात्र आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहेत. वेरूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच कुळाची एक शाखा कावेरीकाठी ग्रंथ, औषधी आणि सूर जपत राहिली, याचीही जाण येथील वाचकाला असायला हवी.