हवाईचे राजे कालाकाउआ आणि त्यांचा राजकिताब



या अंकात आम्ही हवाई बेटांचे राजे डेव्हिड कालाकाउआ यांचे चरित्र देत आहोत. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत हवाई म्हणजे अमेरिकेचे ५० वे राज्य, एवढेच सापडते. पण प्रशांत महासागरातील ही बेटे १८९३ पर्यंत स्वतंत्र राज्य होती आणि त्या राज्याचा स्वतःचा राजकिताबही होता.

कालाकाउआ यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८३६ रोजी होनोलुलूत झाला. सरदार घराण्यांतील मुलांसाठी अमेरिकन मिशनरी चालवीत असलेल्या शाळेत ते शिकले. हवाईयन आणि इंग्रजी, दोन्ही भाषा त्यांना उत्तम येत. (घरी एक भाषा, बाहेर दुसरी, ही गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगायला नको!) पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि काही काळ पोस्टखातेही सांभाळले.

त्या वेळी गादीवर पाचवे कामेहामेहा होते. त्यांचे आजोबा पहिले कामेहामेहा यांनी सगळी बेटे एका छत्राखाली आणली होती. त्यांच्याच नावाने ११ एप्रिल १८६५ रोजी हा किताब सुरू झाला. पांढऱ्या मिन्याचा, सोनेरी कडांचा, आठ टोकांचा क्रॉस, मध्ये ‘के’ अक्षर आणि वर राजमुकुट, असे त्याचे पदक.

१८७२ मध्ये हे राजे वारस न नेमता वारले. नंतरचे राजेही साधारण वर्षभरातच गेले. मग विधिमंडळाने मतदान करून १८७४ मध्ये कालाकाउआ यांना ३९ विरुद्ध ६ मतांनी निवडले. विरोधी पक्षाने दंगल केली आणि ती शमविण्यासाठी अमेरिकन व ब्रिटिश जहाजांवरचे सैनिक उतरवावे लागले. आपले राज्य किती नाजूक आहे हे राजांना त्याच दिवशी कळले असावे. त्याच वर्षी त्यांनी आपल्या नावाचाही एक किताब काढला.

२० जानेवारी १८८१ रोजी ते जगप्रवासाला निघाले. गादीवर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले राजे. जपानात त्यांनी सम्राट मेइजींना कामेहामेहा किताब दिला आणि सम्राटांनी त्यांना जपानचा क्रिसँथिमम किताब दिला. बरोबरीच्या दोन राजांची ही देवाणघेवाण होती. भारतात ते कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आले, तेही मे-जूनच्या उन्हाळ्यात! आपल्या ग्वाल्हेरच्या जयाजीराव महाराजांना १८६१ मध्येच ‘स्टार ऑफ इंडिया’ मिळाला होता. पण तो देणारी इंग्लंडची राणी होती. ग्वाल्हेर हवाईपेक्षा कितीतरी मोठे, तरी आपल्या राजांना इंग्रजांचा किताब छातीवर लावावा लागे. कालाकाउआ स्वतःचा किताब दुसऱ्या राजांना देत होते. हा फरक मुलांनी नीट लक्षात घ्यावा.

पदके, नवा इओलानी राजवाडा, १८८३ चा राज्याभिषेक, यांवर फार पैसा उधळला, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती अगदीच खोटी नव्हती. राज्यावरचे कर्ज खरोखर वाढले होते. पण मिशनऱ्यांच्या विरोधाने मागे पडलेले हुला नृत्य त्यांनीच दरबारात पुन्हा आणले, हेही सांगितले पाहिजे.

१८८७ मध्ये साखरमळ्यांचे मालक आणि त्यांच्या बाजूच्या गोऱ्या लोकांनी हत्यारबंद तुकडीच्या धाकाने नव्या राज्यघटनेवर राजांची सही घेतली. लोक तिला संगिनीची घटना म्हणू लागले. राजांचे अधिकार गेलेच, शिवाय मालमत्तेच्या अटीमुळे असंख्य हवाईयन लोकांचा मताधिकारही गेला. ज्या देशांशी किताबांची देवघेव झाली होती, त्यांपैकी कोणीही मदतीला आले नाही.

२० जानेवारी १८९१ रोजी, म्हणजे जगप्रवासाला निघाल्यापासून बरोबर दहा वर्षांनी, राजे सॅन फ्रान्सिस्कोत वारले. त्यांच्या पाठच्या भगिनी लिलिउओकालानी राणी झाल्या. १८९३ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि १८९५ मध्ये भावाच्याच राजवाड्यात कैदेत ठेवले गेले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील झाली.

राज्य उरले नव्हते, तरी १९०३ मध्ये राजघराण्यातील राजपुत्र कुहिओ यांनी कामेहामेहा किताबाची संस्था पुन्हा उभी केली. तिचे सभासद आजही जून महिन्यात होनोलुलूला पहिल्या कामेहामेहांच्या पुतळ्यापाशी जमतात. त्या दिवशी पुतळ्याला फुलांच्या लांबच लांब माळा घालतात.