र. धों. कर्वे : चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या विषयाचा संपादक

१९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू करणारे रघुनाथ धोंडो कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी घरोघरी बायका एकामागून एक बाळंतपणांनी खंगत. मूल हवे की नको आणि हवे तर केव्हा, हे स्त्रीला ठरवता आले पाहिजे, असे रघुनाथरावांचे ठाम मत होते. ही मते उघडपणे मांडल्याने विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र अखेरपर्यंत पाठीशी उभ्या राहिल्या.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळता येते, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हे त्यात सरळ मराठीत छापून येई. पेनिसिलिन अजून उपलब्ध नव्हते. उपदंशावरचे उपचार लांबलचक आणि त्रासदायक होते. अशा वेळी प्रतिबंधाची माहिती हेच मोठे औषध होते. वाचकांच्या खासगी शंकांनाही ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर पोखरले जाते, ही भीती निराधार असल्याचे ते सांगत.

त्यांच्या लेखनाचा पाया व्यक्तिस्वातंत्र्याचा होता. सज्ञान माणसाने काय वाचावे, हे सरकारने ठरवू नये. दोन प्रौढांच्या संमतीच्या संबंधांत धर्माने वा समाजाने नाक खुपसू नये. आणि सुखाचा हक्क पुरुषाइतकाच स्त्रीलाही आहे, असे ते मानत. गांधीजी संततिनियमनासाठी ब्रह्मचर्याचा आग्रह धरत. कर्व्यांना तो उपाय अव्यवहार्य वाटे.

अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी पुढे आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले. लैंगिक प्रश्नांवर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, अशी त्यांची बाजू होती. तरीही २०० रुपये दंड झालाच. पैशाची कायमची ओढाताण असूनही मासिक २६ वर्षे चालले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. भारत सरकारने त्याआधी जेमतेम वर्षभर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

आज सरकारी रुग्णालयात निरोध, गोळ्या, तांबी मोफत मिळतात. साधने आली, संकोच मात्र तसाच आहे. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' सांगणाऱ्या भिंतीवरच्या जाहिराती याच संकोचावर पोसल्या जातात. शंका असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट विचारावी. अशी शंका विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही, हेच तर कर्वे २६ वर्षे सांगत होते.